बोर्डाचे कागद

लष्करात मी लिपिक होतो. शस्त्र चालवायला सगळ्यांनाच शिकावे लागते, तसे मीही शिकलो. पण नोकरीचा बहुतेक काळ पलटणीच्या कार्यालयात गेला. रजेचे अर्ज, पगाराची बिले, वारसांच्या नोंदी ही रोजची कामे. त्यांत सगळ्यांत जबाबदारीचे काम म्हणजे जखमी आणि आजारी जवानांच्या मेडिकल बोर्डाचे कागद तयार करणे. निवृत्त होऊन जव्हारला परत आलो आणि तेच काम इथेही माझ्याकडे चालत आले. जव्हार, मोखाडा भागातले माजी सैनिक, त्यांच्या विधवा, कधी त्यांची मुले पिशवीत कागद घालून येतात. पेन्शन कमी का लागली, पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर हयातीचा दाखला का चढत नाही, अपंगत्वाचा भाग का नाकारला, असे विचारतात. मी कागद वाचतो, तारखा लावतो, अर्ज लिहून देतो.

अपंग झालेल्या सैनिकाला काय द्यावे आणि किती द्यावे, यावर संसदेत, न्यायालयात, वर्तमानपत्रांत सतत वाद चालतो. त्यात टक्क्यांचे आणि कोटींचे आकडे येतात. इतकी वर्षे हे कागद हाताळल्यावर माझी खात्री झाली आहे की जवानाचे भवितव्य त्या वादाच्या कितीतरी आधी ठरलेले असते. इजा झाली त्या दिवशी कोणी काय लिहून ठेवले, यावर ते ठरते.

साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जातात, त्यामुळे पारावर बसलेला म्हातारा सुभेदारसुद्धा पोराला सांगतो की बोर्डाच्या निकालाची प्रत मागून घे, अपिलाची मुदत चुकवू नकोस. आमच्याकडे असे कोणी नाही. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची ही वस्ती. भात, नागली, वरई पिकवायची आणि दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडे जगायला जायचे, हा इथला क्रम. आदिवासी उमेदवारांना भरतीत उंचीची सवलत आहे, त्यामुळे काही मुले फौजेत जातात. पण एखाद्या पाड्यात फौजी एकटाच असतो. त्याला इजा झाली तर नियम सांगणारे शेजारीपाजारी कोणी नसते. मोखाड्याहून जिल्ह्याचे ठिकाण पालघर शंभर किलोमीटरच्या आसपास. लष्करी रुग्णालयात जायचे तर त्र्यंबकमार्गे देवळाली गाठायची, आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत. एका सहीसाठी माणसाचा दिवसही जातो आणि मजुरीही.

नियम थोडक्यात सांगतो. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात, एक केलेल्या सेवेचा आणि दुसरा अपंगत्वाचा. दुसरा भाग मिळायला दोन अटी आहेत. अपंगत्व किमान २० टक्के हवे, आणि ते लष्करी सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे बळावलेले हवे. अपंगत्व १०० टक्के असेल तर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते, कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. १९९६पासून टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याची पद्धत आली. ५०पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यापुढे सरसकट १००. आधी ही सवलत अपंगत्वामुळे मुदतीआधी बाहेर पडावे लागलेल्यांनाच, म्हणजे आमच्या बोलीत ‘बोर्ड आउट’ झालेल्यांनाच होती. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही दिली.

टक्क्यांवर फार भांडण होत नाही. भांडण होते ते दुसऱ्या अटीवर. गोळी लागली, सुरुंगात पाय गेला, तिथे कोणी शंका घेत नाही. पण रात्रीच्या गस्तीत जवान घसरून पडतो, नर्सिंग असिस्टंट गोळी देतो, मलम देतो, आणि सकाळी तो पुन्हा ड्युटीवर उभा राहतो. इजा अहवाल लिहिला जात नाही. जवानही आग्रह धरत नाही, कारण मेडिकल कॅटेगरी उतरली की पदोन्नती अडते. पलटण दुसऱ्या ठिकाणी हलते, पाहणारे सोबती वेगवेगळ्या ठिकाणी जातात. दहा वर्षांनी मणका बोलू लागतो. बोर्डापुढे कागद ठेवले जातात तेव्हा त्या रात्रीचा मागमूस कुठेच नसतो. ‘सेवेमुळे नाही आणि सेवेमुळे बळावलेलेही नाही’ एवढी एक ओळ येते आणि उरलेल्या आयुष्याचा हिशेब बदलतो. माझ्या हातून असे कागद पुढे गेले आहेत. लिपिकाला मत नोंदवायचा अधिकार नसतो, पण टाइप करताना समोरचा माणूस आपल्याला ठाऊक असतो. त्याने बर्फात किती हिवाळे काढले, हे रजेच्या रजिस्टरवरून मला कळत असे.

२ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात दिलेला निकाल मला म्हणूनच फार मोठा वाटतो. १९८५मध्ये भरती झालेल्या या शिपायाला १९९४मध्ये फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवले गेले. अपंगत्व २० टक्के, पण आजार मूळ प्रकृतीचा ठरवून पेन्शन नाकारलेले. न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी तपासणीत आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच मानायचे. पुढे आजार झाला तर तो सेवेमुळे नाही हे सरकारने कारणांसह दाखवायचे, आणि शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. २०२५मध्ये बिजेंदर सिंग प्रकरणातही न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली. बोर्डाने कारणे लिहिलीच पाहिजेत, नुसता निष्कर्ष पुरेसा नाही, असे बजावले.

न्यायालयाचा हा विचार मला रास्त वाटतो, कारण भरतीच्या मैदानावर काय घडते ते मी पाहिले आहे. उंची, छाती, डोळे, कान, दात, गुडघे, तळपाय, सगळे तपासून मुलगा घेतला जातो. थोडे काही कमी असेल तर परत पाठवतात. इतके पारखून घेतलेले शरीर पंधरा-वीस वर्षांनी मोडून परत येते, तेव्हा ते कशाने मोडले याचा पुरावा त्याच माणसाकडे मागणे अन्यायाचे आहे. सगळ्या नोंदी तर घेणाऱ्याच्याच कपाटात आहेत.

आमच्या भागातले एक प्रकरण मला विशेष शिकवून गेले. मोखाडा तालुक्यातला एक तरुण उंच डोंगराळ सीमेवर होता. वर गेल्यावर डाव्या बरगडीखाली असह्य कळ आली, त्याला हेलिकॉप्टरने खाली आणले. प्लीहेचा रक्तपुरवठा तुटला होता. तपासणीत तो सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा वाहक निघाला. सिकलसेल आदिवासी भागांत जास्त आढळतो. वाहक माणूस सपाटीवर सहसा ठणठणीत असतो, शेती करतो, पळतो, भरतीतही पास होतो. मात्र फार उंचीवर, हवेत प्राणवायू कमी असताना, वाहकाच्या प्लीहेला असा धोका संभवतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. बोर्डाने लिहिले, आजार आनुवंशिक, सेवेशी संबंध नाही. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. “काका, रक्त आईबापाचं, खरं आहे. पण मी घरीच राहिलो असतो तर हे झालं असतं का?” एवढेच त्याने विचारले.

सगळा कायदा त्या प्रश्नात आला. आनुवंशिक आजारसुद्धा सेवेच्या परिस्थितीने बळावला असेल तर हक्क उभा राहतो. जव्हारचा डोंगर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. इथे त्याची प्लीहा कधी दुखली नव्हती. तिला जिथे इजा झाली, तिथे तो सहलीला गेला नव्हता, हुकमाने गेला होता. आम्ही अपिलात हेच लिहिले. कोणत्या तारखेला किती उंचीवर नेमणूक, कोणत्या तारखेला कळ, कोणत्या तारखेला खाली आणले, असा तक्ता केला. मोठे शब्द वापरले नाहीत. प्रकरण अजून चालू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशाने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. आता आदिवासी मुलांच्या तपासणीचे निकाल भरतीच्या कागदांपर्यंत पोचले पाहिजेत. मुलांना नाकारण्यासाठी ते वापरू नयेत, त्यांची नेमणूक कुठे करायची हे शहाणपणाने ठरवण्यासाठी वापरावेत.

आता राजकीय वादाकडे येतो. २४ जून २०१९ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढले. अपंगत्व पेन्शनवरची करमाफी बोर्ड आउट झालेल्यांनाच, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांना नाही, असे त्यात होते. माजी सैनिक संतापले, विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२३मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के आणि जवानांपैकी १५ ते १८ टक्के लोक अपंगत्व पेन्शन घेत असल्याचे त्यात नोंदवले होते. रक्तदाब, मधुमेह या आजारांकडे त्यात बोट दाखवले होते. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला नवे नियम आले आणि अपंगत्वासह नोकरी पूर्ण करणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग केला गेला. सरकारचे म्हणणे, गैरफायदा थांबवायचा आहे. विरोधकांचे आणि माजी सैनिक संघटनांचे म्हणणे, जखमी माणसाच्या ताटातले काढून घेतले जात आहे.

गैरफायदा कोणीच घेत नाही असे मी म्हणणार नाही. कार्यालयात बसणाऱ्याला सगळे दिसते. कोणाला नियम ठाऊक असतात, कोणाची ओळख असते, कोणाला निवृत्तीच्या वर्षी कुठल्या तपासण्या करून घ्यायच्या हे माहीत असते. पण मोखाड्याच्या पाड्यातला माणूस यांत बसत नाही. त्याचा गुन्हा असलाच तर तो न मागण्याचा. गैरफायदा घेणाऱ्यासाठी चाळणी बारीक केली की ज्याच्याकडे कागद कमी तोच आधी गळतो. कागद कमी असतात ते खालच्या हुद्द्याच्या, दूरच्या गावच्या, कमी शिकलेल्या माणसाकडे.

याच वादातली एक बाजू क्वचितच बोलली जाते. सातव्या वेतन आयोगाने ३० टक्क्यांची पद्धत बदलून ठरावीक रक्कम सुचवली होती. १०० टक्के अपंगत्वासाठी अधिकाऱ्याला दरमहा २७,००० रुपये, जेसीओला (सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्याला) १७,०००, जवानाला १२,०००. सैन्यदलांनी विरोध केला. नागरी कर्मचाऱ्यांना वेतनाच्या प्रमाणात आणि सैनिकाला मात्र ठोक रक्कम, हा भेद त्यांना मान्य नव्हता. तो आक्षेप खराच होता. शिवाय ठोक रक्कम वेतनाबरोबर वाढत नाही. २०१७मध्ये सरकारने जुनी पद्धत कायम ठेवली. पण हिशेब मांडून पाहा. जवानाचे वेतन ३०,००० धरले तर १०० टक्क्यांना ९,००० रुपये होतात. दोन लाख वेतन असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला त्याच अपंगत्वासाठी ६०,०००. दोघांचाही एकेक पाय गेला, तर कुबडी घेऊन डोंगर चढायचा असतो जवानालाच. प्रमाणाची पद्धत ठेवावी, पण जवानासाठी खालची मर्यादा तरी त्या १२,०००च्या पुढे असावी, असे मला मनापासून वाटते. ही मागणी जोराने कोणी करत नाही, कारण जवानाच्या वतीने बोलणारा बहुधा जवान नसतो.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्यांत अग्निवीरांचे आईबापही आहेत. २०२२मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यापुढे चौथा हिस्सा मुले कायम होणार. सेवेत अपंगत्व आले तर एकरकमी ४४, २५ किंवा १५ लाख रुपये, १००, ७५ आणि ५० टक्क्यांच्या टप्प्यांप्रमाणे. उरलेल्या काळाचा पगार मिळतो. आयुष्यभराचे पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांचा सियाचीनमध्ये मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या कुटुंबाला काय मिळणार यावरून देशभर वाद झाला. पण मेलेल्याच्या घराबद्दल चार दिवस तरी बोलले जाते. जो बाविसाव्या वर्षी पाठीचा कणा मोडून घरी येईल आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे जगेल, त्याच्याबद्दल कोण बोलणार? एकरकमी पैसा आमच्या भागात कसा जातो, तेही मी पाहतो. घर बांधले जाते, कर्ज फिटते, बहिणीचे लग्न होते, आणि औषधाचा खर्च दर महिन्याला येतच राहतो. २०२६च्या अखेरीपासून पहिल्या तुकड्यांची चार वर्षे पुरी होऊ लागतील. छोट्या दुखण्यांची नोंद न करता बाहेर पडणारी मुले त्यांत असतील, आणि दुखणे पुढे वाढले की त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नसेल.

असेच खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या कॅडेटांचे. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी गेलेल्यांना माजी सैनिक मानले जात नव्हते. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, तेव्हा कळले की १९८५पासून वेगवेगळ्या प्रबोधिन्यांतून सुमारे पाचशे कॅडेट अशा प्रकारे बाहेर पडले आहेत. त्याच महिन्यात सरकारने त्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना खुली केली.

जायबंदी सैनिकांना पुन्हा उभे करण्याच्या कामाची महाराष्ट्राकडे मोठी परंपराही आहे. अपंग सैनिकांना हातचे काम शिकवणारी क्वीन मेरी संस्था पहिल्या महायुद्धातच, १९१७मध्ये सुरू झाली. ती पुढे खडकीला आली आणि आजही तिथे आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. त्यांच्याबद्दल मी मुलांना नेहमी सांगतो. माणूस उभा राहतो तो पैशाच्या जोडीला उपचार, कौशल्य आणि सोबत मिळाली म्हणून. पण पैसा वेळेवर मिळाला तरच बाकीचे शक्य होते.

अमेरिकेतही हाच झगडा आहे. इराक-अफगाणिस्तानातल्या छावण्यांत कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर घेतलेल्या सैनिकांना पुढे कर्करोग, दमा झाला. धुराचा आणि रोगाचा संबंध प्रत्येकाने सिद्ध करायचा, ही अट त्यांच्या नशिबी होती. ऑगस्ट २०२२मध्ये तिथे कायदा झाला. ठरावीक ठिकाणी सेवा आणि ठरावीक आजार, एवढे दाखवले की संबंध गृहीत धरायचा. सियाचीन, लडाख, द्रासच्या नेमणुकांसाठी आपल्याकडे अशी यादी का करू नये? तारीख आणि ठिकाण तर सैन्याच्या नोंदीत असतेच.

माझ्याकडे फौजी नसलेली माणसेही येतात. वीटभट्टीवर माती मळायच्या यंत्रात हात सापडलेली एक बाई आली होती. अंगठा गेलेला. १९२३च्या भरपाई कायद्यात अंगठ्याचे नाव घालून ३० टक्के लिहिलेले होते, पण ती त्या भट्टीवर कामाला होती याचा एकही कागद नव्हता. मुकादमाने उचल दिली होती ती तोंडी. दिव्यांग तपासणीत तिला ४० टक्क्यांपेक्षा कमी मिळाले, म्हणून संजय गांधी निराधार योजनेतही ती बसली नाही. तेवढेच टक्के जवानाला असते तर ५० धरले गेले असते. काही जण मला म्हणतात की सैनिकांना फार मिळते. मी त्यांना सांगतो की सैनिकाचे कमी करून या बाईला काही मिळणार नाही. सैनिकासाठी न्यायालयाने जे तत्त्व मान्य केले, की काम करून घेणाऱ्याने नोंद ठेवावी आणि शंकेचा फायदा राबणाऱ्याला द्यावा, तेच तत्त्व भट्टीवर गेले पाहिजे. जून २०२५मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना दरमहा ६,००० रुपयांची मागणी होती. नंतर राज्याने १,५००चे २,५०० केले. तेही मिळतात ते कागद पूर्ण असलेल्यालाच.

माझ्या मागण्या साध्या आहेत. इजा अहवालाची प्रत त्याच आठवड्यात जवानाच्या हातात मिळावी. बोर्डाचा निकाल कारणांसह, त्याला वाचता येईल अशा भाषेत द्यावा आणि अपिलाची शेवटची तारीख त्यावर ठळक छापावी. उशिराने मागणाऱ्याचे नुकसान होते. तरसेम सिंग या जवानाला १९८३मध्ये अपंगत्वामुळे घरी पाठवले होते, त्यांनी १९९९मध्ये न्याय मागितला, आणि २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची थकबाकी तीनच वर्षांपुरती धरली. मधली वर्षे गेली ती गेलीच. जुलै २०२५मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिचे सल्ला केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी न थांबता महिन्यातून एकदा जव्हारला आणि मोखाड्याला यावे. आमच्या आमदार-खासदारांनी सभागृहात सैनिकांच्या शौर्यावर भाषणे करावीतच. सोबत एवढेही विचारावे की त्यांच्या मतदारसंघातल्या किती जवानांचे अपंगत्व नाकारले गेले आणि त्यांतल्या कितींना कारण लिहून मिळाले.

तोवर मी भरतीला निघालेल्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईला एकच गोष्ट सांगतो. पडलास, लागले, छातीत दुखले, झोप उडाली, काही झाले तरी त्याच दिवशी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात जा, नोंद करायला लाव, आणि कागदाचा फोटो घरी पाठव. पुढच्या पदोन्नतीसाठी दुखणे लपवू नकोस. आई म्हणते, “आमाला वाचता नाय येत, दादा.” मी म्हणतो, वाचू नका, जपून ठेवा. वाचायला मी आहे, आणि माझ्यानंतर वाचणारी चार मुले या तालुक्यांत तयार करतो आहे. त्यांतल्या दोघी मुली आहेत, आणि तारखांचा तक्ता त्या माझ्यापेक्षा नेटका करतात.